गाडीची उपांगे

एखाद्या घरी नवी मोटारसायकल आली की तिच्याभोवती जमणाऱ्या मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. एका लिटरात किती जाते? चढावर ओढते का? तेल किती दिवसांनी बदलावे लागते? हे प्रश्न विचारताना प्रत्येकाची दृष्टी गाडीच्या पोटाकडे, म्हणजे इंजिनाकडे लागलेली असते. पाठीमागच्या तांबड्या दिव्यात बल्ब कोणत्या जातीचा आहे, पावसाळ्यात हॉर्नचा घसा बसतो की काय, उजव्या आरशाचा नट कोणत्या दिशेने घट्ट होतो, असे विचारणारे गृहस्थ मला आजवर एकच भेटले आणि ते माझ्याच घरात राहतात.

दिवे, हॉर्न, आरसे, स्टँड, पायदाने, साडीगार्ड, मडगार्डाखाली लोंबणारे रबर, साखळीचे झाकण या वस्तूंना व्यापारी लोक ‘ॲक्सेसरी’ म्हणतात. मी त्यांना उपांगे म्हणतो. हात-पाय ही अंगे आणि बोटे, नखे, पापण्या ही उपांगे, हा भेद आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पापण्यांवाचून मनुष्याला चालता येते, जेवता येते, हिशेबही लिहिता येतो. फक्त धुळीचा पहिला लोट आला म्हणजे पापणी कशासाठी होती ते समजते.

एके काळी ही उपांगे खरोखरीच वरकड समजली जात. विसाव्या शतकाच्या आरंभी विलायतेत मोटारसायकल विकत घेणाऱ्यास दिवा आणि भोंगा पुष्कळदा निराळे पैसे मोजून घ्यावे लागत. दिवा कार्बाइडचा. वरच्या पेल्यातले पाणी थेंबथेंब खाली पडावयाचे, त्यापासून ॲसिटिलीन वायू निघावयाचा आणि तो काडी ओढून पेटवावयाचा. भोंगा रबरी फुग्याचा, टांगेवाल्याच्या भोंग्याचा सख्खा भाऊ. आपल्याकडे १९५५ साली मद्रासेस एनफील्ड आणि १९६१ साली म्हैसुरास जावा बनू लागली, तोवर हे सारे साहित्य गाडीच्या अंगालाच जडून येऊ लागले होते. अंगाला जडले, पण मनाला जडले नाही. अजूनही पुष्कळांच्या लेखी गाडी म्हणजे इंजिन आणि बाकी सारी हौस.

आमच्या खामगावच्या घरी मोटारसायकली तीन आहेत आणि चालवणारे सात. किल्ल्या मागच्या दाराजवळ दिनदर्शिकेशेजारी खिळ्याला टांगलेल्या असतात. ज्याला काम निघेल त्याने हाताला येईल ती किल्ली घ्यावी आणि जावे, असा रिवाज आहे. एकत्र कुटुंबातील वस्तूंना एक विचित्र भोग असतो. उपभोगाच्या वेळी त्या सर्वांच्या असतात आणि शुश्रूषेच्या वेळी कोणाच्याच नसतात. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तर सात धन्यांच्या गाडीची अवस्था काय वर्णावी! तरीही इंजिनाची आबाळ आमच्याकडे कधी झाली नाही. कारण इंजिन तान्ह्या मुलासारखे असते. त्याला भूक लागली, पोट बिघडले, की ते भर रस्त्यात हंबरडा फोडते आणि सारे घर गोळा करते. उपांगांची जात निराळी. प्रत्येक मोठ्या घरात एखादे न बोलणारे माणूस असते. त्याच्या अंगातला ताप इतरांना कळतो तो त्याने अंथरूण धरल्यावर. मागचा दिवा असाच न बोलता विझतो. गाडी पूर्वीप्रमाणेच धावत असते. चालवणाऱ्याची मान पुढे असते. आपल्या पाठीमागे अंधार पडला आहे हे त्याला कोण सांगणार?

हा प्रश्न पहिल्याने मांडला तो आमच्या मिस्त्रीने. एकदा क्लचची तार बदलावयास गाडी त्याच्याकडे नेली असता त्याने न सांगता मागचा बल्बही बदलला. मी कौतुकाने विचारले, तेव्हा हातातला पाना न थांबवता तो आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हणाला, “इंजिनाचं दुखनं गाडी सोताच सांगते भाऊ. या लाइटाचं कोन सांगन? ज्याला तो पाह्यजे, तो तं मांगून येऊन रायला.”

त्याचे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत होतो. इंजिन, गिअर, टाकी, हँडल ही सगळी अंगे चालवणाऱ्यासाठी असतात, आणि जवळजवळ सारी उपांगे दुसऱ्या कोणासाठी तरी असतात. हॉर्न पुढे चालणाऱ्यासाठी, मागचा दिवा मागून येणाऱ्यासाठी, इंडिकेटर चौकात उभ्या असलेल्या अपरिचितासाठी, पायदान, मूठ आणि साडीगार्ड पाठीमागे बसणाऱ्यासाठी. आरसा तेवढा चालवणाऱ्याचा. पण तोही त्याला दुसऱ्यांचीच तोंडे दाखवतो. आपण गाडीचे जे भाग विसरतो ते क्षुल्लक असतात म्हणून विसरतो, अशी आपली समजूत असते. मला तसे वाटत नाही. त्यांच्या बिघाडाची झळ आपल्याला लागत नाही, म्हणून आपण ते विसरतो.

आता आमच्या थोरल्या काकांविषयी. काका रेल्वेत होते आणि नोकरीची अखेरची वर्षे त्यांनी जलंब स्टेशनावर काढली. खामगावच्या माणसाला जलंब म्हणजे जगात जाण्याचा दिंडीदरवाजा. मुंबई-नागपूर मार्गावरून तेथे फुटून आमच्या गावापर्यंत येणारा तेरा किलोमीटरांचा फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते उघडला. तो इकडे आला तो आमच्या गावच्या कापसाच्या ओढीने. तेव्हा खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची थोरली पेठ होती. हा फाटा एवढासा असला तरी नियम साऱ्या रेल्वेचेच. त्यांतला एक नियम काकांच्या रक्तात भिनला आहे. गाडी स्टेशनातून जाऊ लागली की तिच्या शेवटच्या डब्यावरची खूण पाहावयाची. रात्री तांबडा दिवा, दिवसा ‘एल. व्ही.’ या दोन अक्षरांची पाटी. ती दिसली म्हणजे गाडी सबंध आली. ती दिसली नाही, तर एखादा डबा मागे सुटून रुळावर उभा असण्याचा संभव, आणि मग मागच्या स्टेशनाला रस्ता मोकळा असल्याचे कळवावयाचे नाही. एका चिमुकल्या दिव्यावर मागून येणाऱ्या शेकडो उतारूंचा जीव अवलंबून. काका म्हणतात, “इंजिन आले म्हणजे गाडी आली, असे प्रवाशांनी समजावे. स्टेशन मास्तराने समजू नये.”

निवृत्त झाल्यावर ही शिस्त त्यांनी घरच्या दुचाक्यांवर आणली. रविवारी सकाळी चहा झाला की अंगणात तिन्ही गाड्या ओळीने उभ्या राहतात. काकांचा सरंजाम एका बिस्किटांच्या जुन्या डब्यात मावतो: दोन पाने, पेचकस, काचकागदाचा तुकडा, तेलाची कुपी, फ्यूज, दोन बल्ब आणि एका कागदी पुडीत वायसर. साऱ्या तपासणीस गाडीमागे दहा मिनिटे पुरतात. प्रथम ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहतात आणि घरातल्या कोणाला तरी दिवा लावावयास सांगतात. नंतर ब्रेक.

या दिव्याची एक खोच पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून ती सांगतो. जुन्या पद्धतीचा मागचा बल्ब दिसावयास बोराएवढा, पण त्यात तारा दोन. पाच वॅटची तार रात्रभर मंद जळते आणि एकवीस वॅटची ब्रेक दाबताच पेटते. सतत जळणारी ती धाकटी तार बहुधा आधी तुटते आणि थोरली शाबूत राहते. मग दिवसा कोणी ब्रेक दाबून पाहिला की दिवा लख्ख पेटतो, पाहणारा ‘ठीक आहे’ म्हणून निघून जातो, आणि रात्री गाडी ब्रेक दाबीपर्यंत अदृश्य असते. म्हणून दोन्ही तारा निरनिराळ्या पाहिल्या पाहिजेत. बल्बाच्या बुडाशी दोन खुंट्या असतात. तो उलटा बसू नये यासाठी त्या मुद्दाम वरखाली ठेवलेल्या असतात. तरी जोर करून उलटा बसवणारे वीर आढळतात. अशा गाडीचा दिवा रात्रभर ब्रेक दाबल्यासारखा तेजस्वी जळतो आणि खरोखर ब्रेक दाबल्याचे मागच्याला कळत नाही. कधी बल्ब निर्दोष असूनही दिवा लागत नाही. तेव्हा खोबणीत पाण्याने चढलेला गंज काचकागदाने हलके घासावा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. ब्रेकच्या पायपट्टीला जोडलेली एक बारीक स्प्रिंग असते, तीही पाहावी. ती सैल पडली की दिवा ब्रेकच्या मागाहून पेटतो. नव्या गाड्यांत एलईडी आल्यापासून बल्बाची कटकट गेली, पण खोबणी, तारा आणि स्प्रिंग गेलेली नाही. पुढच्या दिव्याचा हॅलोजन बल्ब मात्र बोटांनी धरू नये, फडक्यात धरावा. बोटांचे तेल काचेला लागले की ती तेवढ्याच जागी तापून बल्ब लवकर जातो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? त्याने आमचा शेगावचा रस्ता पाहावा. खामगावाहून शेगाव पाचएक कोस. गजानन महाराजांच्या दर्शनास पायी जाणारी माणसे या रस्त्याने पहाटेच्या अंधारातही चालत असतात, आणि पंढरपुराहून परतणारी पालखी खामगावाहून शेगावी निघते त्या दिवशी तर रस्ता दिसेनासा होतो. दुसऱ्या अंगाने मुंबई-कोलकाता महामार्ग गावाला लागून जातो. पूर्वी त्याला सहा नंबरचा म्हणत, आता त्रेपन्न नंबरचा म्हणतात. कापूस खच्चून भरलेली वाहने आपल्या रुंदीहून अधिक रुंद होऊन त्यावरून जातात. अशा ठिकाणी रात्री दिव्यावाचून चाललेली दुचाकी म्हणजे रुळावर सुटून राहिलेला डबाच. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही आपोआप जळत राहतो. लोक अजून हात हालवून सांगतात, “लाइट चालू आहे!” दिवसा जळणाऱ्या पुढच्या दिव्याची आठवण करून देणारे असे दहा भेटतात, रात्री विझलेल्या मागच्या दिव्याची करून देणारा क्वचितच.

आमच्या घरात या सर्वांपेक्षा साडीगार्डाला मान अधिक आहे आणि त्याला कारण घडले आहे.

माझी आत्या येथील एका शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी ती शेगावास जात असे. भाच्यांपैकी जो मोकळा असेल त्याच्या मागे बसावयाचे, दर्शन घ्यावयाचे आणि अकराच्या आत घरी परत. ही तिची आठवड्यातली एकच स्वतःची अशी वेळ होती. बाकीचे सहा दिवस ती घराची. एका पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ तिला घेऊन निघाला. आदल्या दिवशी गाडीचे मागचे चाक पंक्चरसाठी उतरवले होते. ते उतरवताना सोडलेला साडीगार्डाचा खालचा बोल्ट दुकानदाराने परत बसवला, पण त्याखालचा स्प्रिंगचा वायसर घातला नाही. वायसर म्हणजे पोलादाची एक चिरलेली कडी. नटाखाली ती दबून राहते आणि हादऱ्यांनी नट फिरू लागला तर त्याला अडवून धरते. ती नसली म्हणजे नट दोनचार मैलांत पळू लागतो. वाटेत तो बोल्ट कुठे गळून पडला, गार्डाचे खालचे टोक सुटून आत वळले आणि गतिरोधकाजवळ गाडी मंदावली असताना आत्याच्या साडीचा काठ चाकात गेला.

गाडी मंद होती म्हणून आत्या वाचली. उजव्या मनगटाचे हाड मोडले. ते जुळले, पण किंचित वाकडे. फळ्यावर तीस वर्षे मोत्यासारखे अक्षर काढलेला तो हात अजून कणीक मळताना मध्येच थांबतो. घरात त्या रात्री दोष कोणाचा याचा मोठा खल झाला. भाऊ दुकानदाराला बोल लावीत होता, वडील भावाला. काका मात्र कंदील घेऊन अंगणात गेले, गाडीपाशी उकिडवे बसले आणि आत येऊन त्यांनी एवढेच विचारले, “याचा वायसर कुठे आहे?” त्या प्रश्नानंतर कोणी बोलले नाही.

आत्या पुढे दोन वर्षे मोटारसायकलवर बसली नाही. एसटीने जाता आले असते. पण एसटीच्या वेळा आणि घरातल्या स्वयंपाकाच्या वेळा जुळत ना. एकदा मी तिची समजूत घालू लागलो, तेव्हा ती म्हणाली, “पडल्याचे काही नाही रे. माझा गुरुवार गेला.”

चाकात वस्त्र अडकते म्हणजे काय होते याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. साध्या मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा घेर सुमारे १.८५ मीटर असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. म्हणजे चाक सेकंदात सहा फेरे घेते. मागे ओढ लागली हे चालवणाऱ्याला समजून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत निदान एक सेकंद जातोच. तेवढ्यात चरख्याच्या चातीवर सूत गुंडाळावे तसा पदर चाकाच्या तुंब्यावर सहा वेळा गुंडाळला जातो. ओढणी गळ्याभोवती असली तर काय होईल ते लिहावयास नको. ही आपत्ती केवळ आपल्या पोशाखाची आहे असेही नाही. १९२७ च्या सप्टेंबरात फ्रान्समधील नीस शहरी इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी मोटारीत बसली. गळ्यातला लांब रेशमी रुमाल मागच्या चाकात गेला आणि क्षणात तिचा अंत झाला. विलायतेत बायकांच्या सायकलींच्या मागच्या चाकावर झग्यासाठी दोऱ्यांची जाळी विणीत ती उगाच नव्हे. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम याच कामाचा आहे: मागे बसणाऱ्याला धरावयास कायमची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकील असे आवरण. कायदा एरवी रुक्ष असतो. मागे बसलेल्या बाईचे हात, पाय आणि पदर या तिहींचा विचार एका वाक्यात करणारा हा नियम मला मोठा गृहस्थाश्रमी वाटतो.

तेव्हापासून काकांची तपासणी साडीगार्डाशी संपते. गार्ड धरून जोराने हालवावयाचा. आवाज आला तर बोल्ट उघडून वायसर पाहावयाचा, चपटा झालेला असला तर बदलावयाचा. त्याची किंमत इतकी थोडी की दुकानदार सुट्या पैशांऐवजी तो हातावर ठेवतो. दांड्यांवर गंजाचे ठिपके दिसले तर रॉकेलने पुसून तेलाचा हात फिरवावयाचा, कारण गंजलेल्या सांध्याशी डाग दिलेली दांडी आधी निसटते आणि तिचे टोक साडीला आकड्यासारखे धरते. पायदान उघडमीट होताना सैल पडता कामा नये. त्याचे रबर झिजून गुळगुळीत झाले की ओल्या चपलेखाली ते साबणासारखे सरकते. एका बाजूस तोंड करून बसणाऱ्या बाईला सारा तोल एका पायदानावर आणि एका मुठीवर सांभाळावयाचा असतो, हे पुढे तोंड करून बसणाऱ्या पुरुषांच्या ध्यानात क्वचितच येते. आत्या आता पुन्हा बसते. पण बसण्यापूर्वी डाव्या हाताने गार्ड स्वतः हालवून पाहते. काकांनी पाहिला आहे, असे सांगितले तरी पाहते, आणि काकांना त्याचा राग येत नाही.

बाकीच्या उपांगांचे आमच्या हवेशी आणि मातीशी निरनिराळे भांडण आहे. वैशाखात खामगावचे ऊन पंचेचाळीस अंशांना शिवते. तेव्हा डांबर पाघळून बाजूच्या स्टँडचे टोक त्यात रुतते, आणि दुकानातून बाहेर येणाऱ्या मालकाला गाडी आडवी झालेली दिसते. पावसाळ्यात हेच काम काळी माती करते. स्टँडखाली चपटा दगड किंवा फरशीचा तुकडा सारण्याची येथील रीत कोणी पुस्तकात लिहिली नाही, पण ती बरोबर आहे. स्टँडची स्प्रिंग मात्र जपावी. ती ढिली पडली की स्टँड चालत्या गाडीखाली लोंबतो आणि डाव्या वळणावर जमिनीस टेकून गाडी उलथवतो. महिन्यातून एकदा खिळीला वंगण दिले म्हणजे पुरे. शेताच्या पांदणीतून गाडी आणली की काळा चिखल मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये ठासून बसतो, आणि वाळला म्हणजे सिमेंटशी स्पर्धा करतो. तो ओला असतानाच काटकीने काढावा. हॉर्नचे तोंड थोडे खाली झुकलेले असावे म्हणजे पाणी साचत नाही. आतला पातळ पोलादी पडदा थरथरून आवाज होतो. तो बसला तर मागच्या स्क्रूला पाव वेढा देऊन पाहावे, त्याहून अधिक नको. अर्थात हॉर्न दुरुस्त ठेवणे आणि तो वाजवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आमच्या मुख्य बाजारात दुसरीचा अभ्यास फार दांडगा दिसतो.

आरशाविषयी एक गंमत. काही गाड्यांच्या उजव्या आरशाच्या दांडीला उलटे आटे असतात, म्हणजे इतर नट ज्या दिशेने आवळतात त्या दिशेने हा सैल होतो. हे न कळल्यामुळे बळाने आटे मारून ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. शिवाय आरसा बहिर्गोल असतो. त्यात पुष्कळ मोठा देखावा मावतो, पण मागची मोटार असते त्याहून लहान आणि दूर भासते. त्याला फसू नये.

दसऱ्याला आमच्याकडे तिन्ही गाड्यांची पूजा होते. काकांचा दंडक असा की आधी तपासणी आणि मग हळदकुंकू. झेंडूची माळ ते स्वतः घालतात, कारण मुले ती नेमकी दिव्यावर आणि क्रमांकाच्या पाटीवर सोडतात. एका वर्षी भटजी गाडीवर अक्षता टाकीत असता काकांनी हळूच खाली वाकून नट दाबून पाहिला. भटजी हसले आणि थांबले.

घरातल्या तरुण पिढीचे मत मात्र या सर्वांहून निराळे आहे. माझा पुतण्या म्हणतो, साडीगार्ड म्हणजे गाडीला लावलेला कोंबड्यांचा खुराडा. त्याच्या मित्रांनी गार्ड, मागची मूठ, साखळीचे झाकण, मडगार्डाचे शेपूट आणि दोन्ही आरसे काढून टाकले आहेत, आणि त्यामुळे त्यांच्या गाड्या सोललेल्या कैरीसारख्या दिसतात. त्यांना त्या सुंदर दिसतात. रुचीचा प्रश्न आहे आणि तरुणपणी मनुष्याला एकट्याने वेगात जावेसे वाटते, यात अस्वाभाविक काही नाही. पुतण्याला गाडीची समज नाही असेही नव्हे. मागच्या खोबणीत तारांची जुळणी बदलून एलईडी त्यानेच बसवला आणि काकांनी मागे उभे राहून, दोनदा ब्रेक दाबवून, “चांगला आहे” असा शेरा दिला. काकांच्या तोंडी हा शेरा वर्षातून एकदा येतो.

या पुतण्याला आता पुण्यास नोकरी लागली आहे आणि तिघींतली सर्वांत नवी गाडी त्याच्याबरोबर जावयाची आहे. अकोल्याहून रेल्वेच्या पार्सलने ती पाठवण्याचे ठरले. वाटेत चढउतार करताना आरसे फुटतात, म्हणून काकांनी ते कालच उतरवले आणि जुन्या धोतरात गुंडाळून त्याच्या कपड्यांच्या पेटीत ठेवले. एका लहान डब्यात फ्यूज, पुढच्या दिव्याचा एक बल्ब, वायसरची पुडी आणि काचकागदाचा तुकडा घालून दिला. पुतण्याने तो डबा मुकाट्याने घेतला. साडीगार्डाजवळ मात्र तो अडला.

“काकाआजोबा, हा इथेच काढून ठेवू. तिकडे मी एकटाच. मागे कोण बसणार?”

काका काही बोलले नाहीत. ओटीवर आत्या वाती वळीत बसली होती. तिने मान वर न करता विचारले, “का? दिवाळीनंतर मी येणार आहे ना महिनाभर?”

गार्ड राहिला. त्याभोवती पुतण्या आज सकाळपासून गोणपाट गुंडाळीत आहे आणि दोरी पुरत नाही म्हणून कुरकुरत आहे. गाडीच्या कागदांच्या नकला काढून झाल्या. टाकीतले पेट्रोल स्टेशनावर काढून घ्यावे लागते, त्यासाठी एखादा घट्ट झाकणाचा डबा तेवढा मिळवावयाचा आहे.